'मी केस कापले' म्हणजे 'आय कट माय हेअर' नव्हे: गेट या क्रियापदाचा धागा

पाटीपेन्सिल

शब्दकोशात 'गेट' काढलं की पहिला अर्थ 'मिळणे, मिळवणे' असा दिसतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. 'इट्स गेटिंग डार्क' यात कोणाला काय मिळालं? 'ही गॉट फायर्ड' यात तर होती ती नोकरीही गेली. मग विद्यार्थी अर्थांची यादी पाठ करायला घेतो, यादी पंचविशीपार गेली की नाद सोडतो आणि पुढे आयुष्यभर सगळीकडे 'रिसीव्ह' आणि 'बिकम' वापरून वेळ मारून नेतो.

माझ्या मते यादीची गरज नाही. 'बी' आणि 'हॅव' ही दोन क्रियापदं स्थिती सांगतात. त्या स्थितीत जाऊन पोचणं म्हणजे 'गेट'. 'हॅव अ जॉब' म्हणजे नोकरी असणं, 'गेट अ जॉब' म्हणजे नोकरी लागणं. 'बी मॅरिड' म्हणजे लग्न झालेलं असणं, 'गेट मॅरिड' म्हणजे लग्न होणं. 'बी अप' म्हणजे उठलेलं असणं, 'गेट अप' म्हणजे उठणं. 'बी लॉस्ट' म्हणजे वाट चुकलेल्या अवस्थेत असणं, 'गेट लॉस्ट' म्हणजे वाट चुकणं. (रागाने म्हटलं तर 'चालता हो', पण तीही स्थितीबदलाचीच आज्ञा.) नवं वाक्य समोर आलं की गेटच्या जागी 'बी' किंवा 'हॅव' घालून बघायचं, कुठली स्थिती उरते ते पाहायचं आणि 'त्या स्थितीत आला, किंवा कोणी आणला' असा अर्थ लावायचा. दहातली नऊ वाक्यं अशी सुटतात.

आपल्याला हे अवघड का जातं? मराठीत या बदलासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र क्रियापद आहे. भिजणे, दमणे, रागावणे, कंटाळणे, वाळणे, हरवणे, बिघडणे. इंग्रजीने तिथे एक विशेषण आणि मागे एक गेट अशी जोडणी केली आहे: गेट वेट, गेट टायर्ड, गेट अँग्री, गेट बोअर्ड, गेट ड्राय, गेट लॉस्ट. मराठी माणूस 'भिजणे' ला एकच शब्द शोधत बसतो, तो सापडत नाही, आणि 'आय बिकेम वेट इन द रेन' असं काहीतरी तयार होतं. व्याकरण ठीक, पण असं कोणी बोलत नाही. तेच 'अंधारून येतंय', 'उशीर होतोय', 'थंडी वाढतेय' याचं. तिथे 'इट्स गेटिंग' म्हणायचं आणि पुढे डार्क, लेट, कोल्ड.

देवनागरीतली एक अडचण आधीच सांगून ठेवतो. दरवाज्याचं गेट आणि हे क्रियापद आपण एकसारखंच लिहितो, कारण ऱ्हस्व 'ए' साठी आपल्याकडे वेगळी खूण नाही. उच्चारात फरक आहे. दरवाज्याचा ए लांबतो, क्रियापदाचा तोकडा, 'बेड' आणि 'पेन' मधल्यासारखा. या धाग्यात गेट म्हणजे क्रियापदच.

ताम्हण

छान विषय. व्युत्पत्तीची बाजू मी घेतो.

गेट हा शब्द इंग्रजीत दिसतो तो इ.स. १२०० च्या आसपास, आणि तो आला उत्तरेकडच्या 'गेता' या जुन्या नॉर्स शब्दावरून. ९व्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले. त्या पट्ट्याला डेनलॉ म्हणतात. दोन्ही भाषा नात्यातल्या, त्यामुळे एकमेकांचं बोलणं थोडंफार समजायचं. अशा शेजारात नेहमीच्या वापरातले शब्दसुद्धा सहज बदलतात. टेक, दे, देम, एग, स्काय, विंडो, नाइफ, लॉ हे सगळे तिकडचेच. 'घेणे' साठी जुन्या इंग्रजीत 'निमान' होतं, ते मागे पडून 'टेक' आलं.

गेटच्या बाबतीत गंमत अशी की इंग्रजीत हा धातू आधीपासून होताच, पण तो सहसा एकटा येत नसे. उपसर्ग लावूनच यायचा. 'बी' लावून 'बिगेट' (जन्म देणे) आणि 'फॉर' लावून 'फॉरगेट'. हा 'फॉर' म्हणजे 'साठी' नव्हे. तो दूर जाणं, निसटणं दाखवणारा उपसर्ग आहे, 'फॉरगो' (सोडून देणे) मध्येही तोच. म्हणजे फॉरगेट म्हणजे धरलेलं हातून निसटणं. जर्मन 'फेअरगेसन' हा त्याचाच सख्खा भाऊ.

हा शब्द बाहेरून आला हे 'ग' वरून कळतं. जुन्या इंग्रजीत इ-ए सारख्या स्वरांपूर्वीचा ग मऊ होऊन 'य' झाला होता. त्यामुळे फॉरगेटचा उच्चार तेव्हा 'फॉरयेट' च्या जवळचा होता. १४व्या शतकात लंडनचे लोक 'गिव्ह' ला सुद्धा 'यिव्ह', 'येव्ह' म्हणत. नॉर्स लोकांचा ग मात्र कडकच राहिला होता. त्यांचे 'गेट' आणि 'गिव्ह' रुळल्यावर त्यांच्या प्रभावाने फॉरगेटमधला 'य' ही पुन्हा 'ग' झाला. इंग्रजी व्युत्पत्तीत इतका स्वच्छ पुरावा दर वेळी मिळत नाही.

आइसलंडच्या भाषेत हा शब्द आजही आहे, पण अर्थ सरकून 'शकणे' झाला आहे. 'येग ग्येत' म्हणजे 'मी शकतो'. इंग्रजीतल्या 'आय गॉट टू सी इट' ची आठवण होते.

रानजाई

@ताम्हण, गेट आणि आपलं 'गति' यांचा काही संबंध? ग आणि ट/त दोन्ही जुळतात, आणि 'गेट टू द स्टेशन' मध्ये जाण्याचा अर्थही आहे.

ताम्हण

नाही. आणि इथे जुळणं हाच नसल्याचा पुरावा आहे.

संस्कृत आणि इंग्रजीतले नात्यातले शब्द सहसा जसेच्या तसे जुळत नाहीत, ठरलेल्या फरकाने जुळतात. संस्कृतात 'द' असेल तिथे इंग्रजीत 'ट' येतो: दश-टेन, दन्त-टूथ, द्वि-टू. गेटमधल्या ट च्या जागी मुळात 'द' असणार. ग चं तसंच. इंग्रजी 'ग' च्या जागी संस्कृतात घ किंवा ह सापडतो, त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे हंस आणि गूस. म्हणून गेटचा मूळ धातू 'घेन्द' असा मांडतात, अर्थ 'पकडणे'.

'गति' मधला धातू गम्. त्याचा इंग्रजीतला भाऊबंद 'कम'. अर्थ उलटा वाटतो, पण दोन्हीत चालून जाणं-येणं हेच आहे.

'घेन्द' मधला 'न' हा धातूचा भाग नाही. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना रुधादि गण आठवेल, रुध् चं रुणद्धि, युज् चं युनक्ति. धातूच्या पोटात न घुसतो. लॅटिन आणि ग्रीकने हा न ठेवला, जर्मानिक भाषांनी (इंग्रजी, जर्मन, नॉर्स वगैरे) ठेवला नाही. लॅटिनमध्ये 'प्रेहेन्देरे' म्हणजे धरणे, आणि त्याची पिलावळ इंग्रजीत फ्रेंचमार्गे पसरली आहे: प्रिझन, सरप्राइज, एंटरप्राइज, अ‍ॅप्रेन्टिस, कॉम्प्रिहेन्ड. म्हणजे 'आय गेट इट' आणि 'आय कॉम्प्रिहेन्ड' ही दोन वाक्यं मुळात एकाच धातूची. एक स्वयंपाकघरातून आलं, दुसरं चर्च आणि न्यायालयातून.

सुईदोरा

वाचनखूण साठवली आहे.

शीर्षकातल्या केसांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मराठी माणसाच्या इंग्रजीत गेटची खरी गरज भासते ती इथे, आणि नेमका इथेच तो ते गाळतो.

मराठीत काम दुसऱ्याने केलं तरी आपण सरळ कर्तरी वाक्य करतो. 'मी केस कापले', 'दात काढला', 'रक्त तपासलं', 'गाडी धुतली', 'चष्म्याचा नंबर काढला'. ऐकणाऱ्याला न्हावी, दंतवैद्य, लॅबवाला आपोआप कळतो. इंग्रजीत ते कळत नाही. 'आय कट माय हेअर' म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. 'आय रिमूव्ह्ड माय टूथ' म्हटलं तर समोरचा पक्कड शोधेल.

तिथे रचना अशी: गेट, मग वस्तू, मग त्या कामाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट'. 'आय गॉट अ टूथ टेकन आउट'. 'आय गॉट माय ब्लड टेस्टेड'. 'वी आर गेटिंग द हाउस पेंटेड'. गेटच्या जागी 'हॅव' ही चालतं, अर्थ तोच, सूर जरा औपचारिक.

शब्दांचा क्रम हलला तर अर्थ पार बदलतो. 'आय हॅव कट माय हेअर' म्हणजे मी स्वतः कापले. 'आय हॅव माय हेअर कट' म्हणजे कापून घेते. तेच पाच शब्द, फक्त 'कट' वस्तूच्या आधी की नंतर एवढाच फरक. 'मी घर बांधलं' ला मात्र 'आय बिल्ट अ हाउस' चालतं. घर कोणी एकट्याने बांधत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

आता करणारा माणूस सांगायचा असेल तर रचना बदलते, आणि इथे 'टू' चा घोळ होतो. 'आय गॉट द प्लंबर टू फिक्स इट', इथे 'टू' हवाच. 'आय हॅड द प्लंबर फिक्स इट', इथे 'टू' नको. 'आय मेड हिम फिक्स इट', इथेही नको. तिन्हींची आपल्याकडे खिचडी होऊन 'आय मेड हिम टू डू इट' ऐकू येतं.

अर्थातही फरक आहे. 'मेक' मध्ये जबरदस्ती. 'हॅव' मध्ये सांगितलं आणि त्याने केलं, कारण ते त्याचं कामच. 'गेट' मध्ये थोडी खटपट, मनधरणी, मागे लागणं. 'शेवटी त्याला सही करायला लावली' यातला 'शेवटी' गेटमध्येच दडलेला आहे: 'आय गॉट हिम टू साइन'. निर्जीव वस्तूंनाही हे चालतं. 'आय कान्ट गेट द विंडो टू ओपन' म्हणजे खूप जोर लावला, खिडकी उघडेना.

काजवा

+१ सुईदोरा. याच रचनेची दुसरी बाजू: काम मुद्दाम करवून घेतलेलं नसतं, अंगावर येतं. 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर'. बोट दारात सापडलं, कोणी सापडवून घेतलं नाही. संदर्भावरूनच कळतं, वाक्याच्या बांध्यावरून नाही.

दगडीपाटा

गॉट आणि गॉटन याबद्दल सांगा कोणीतरी. अमेरिकेतली मुलं 'गॉटन' म्हणतात आणि इथले मास्तर लाल रेघ मारतात.

ताम्हण

मास्तरांनी लाल पेन जरा खाली ठेवावं. गॉटन अमेरिकेने शोधलेला नाही, तो इंग्लंडमधलाच जुना माल आहे. १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत 'आय हॅव गॉटन अ मॅन' आहे. त्याच बायबलमध्ये भूतकाळी रूप 'गॅट' ही सापडतं, 'एब्राहम गॅट अप अर्ली'. इंग्लंडने पुढे गॉटन टाकलं, अमेरिकेत गेलेल्यांनी जपलं. आणि इंग्लंडनेही पुरतं टाकलेलं नाही. 'फॉरगॉटन' तिथेही आहे, पापाच्या पैशाला 'इल-गॉटन' तिथेही म्हणतात.

पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना वापराचा बारकावा माहीत असायला हवा. सगळीकडे गॉटन घातलं की झालं, असं नाही. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली आहे. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावं लागेल. 'आय हॅव गॉटन टू गो' म्हणजे मला जायला मिळालं आहे. स्थिती आणि बंधन असेल तर गॉट, मिळवणं आणि संधी असेल तर गॉटन. 'डोकं दुखतंय' ला अमेरिकेतही 'आय हॅव गॉटन अ हेडेक' नाही.

पाटीपेन्सिल यांचा स्थिती-बदल नियम इथे छान लागतो. 'हॅव गॉट' चा शब्दशः अर्थ 'मिळवून बसलो आहे', म्हणून 'आहे'. बदल संपून स्थिती उरली. ब्रिटिश बोलीत 'हॅव' आखडून नुसता 'व्ह' उरतो आणि कानाला अपुरा वाटतो, म्हणून गॉट तग धरून आहे.

रानजाई

म्हणजे 'आय हॅव गॉट' आणि 'आय हॅव' कुठेही अदलाबदल करून चालेल?

पाटीपेन्सिल

नाही. 'हॅव गॉट' फक्त वर्तमानातल्या असण्यासाठी. रोज होणाऱ्या गोष्टीला नाही, म्हणून 'आय हॅव लंच अ‍ॅट वन' बरोबर, तिथे गॉट घातलं की बिघडलं. भूतकाळात 'माझ्याकडे गाडी होती' ला सरळ 'आय हॅड अ कार'. उत्तर देताना गॉट गळतं: 'हॅव यू गॉट अ पेन?' 'येस, आय हॅव.'

आणि 'डू यू हॅव गॉट' असं कधीच नाही. 'डू' आला की नुसतं 'हॅव', 'हॅव' पुढे आला की 'गॉट'. दोघांना एका वाक्यात बसवू नये.

या निमित्ताने सगळ्यात जास्त दिसणारी चूक: 'डिड यू गॉट माय मेसेज?' भूतकाळाचं ओझं 'डिड' ने उचललेलं आहे, क्रियापद मूळ रूपातच राहतं, 'डिड यू गेट'. मराठीत 'मिळाला का?' मध्ये भूतकाळ क्रियापदावरच बसतो, म्हणून हात आपोआप गॉटकडे जातो.

सुईदोरा

'मिळणे' वरून आठवलं. एक जागा अशी आहे की तिथे मराठी आणि इंग्रजी अगदी गळ्यात गळा घालतात. 'पाहायला मिळालं' म्हणजे 'गॉट टू सी'. 'बोलायला मिळालं नाही' म्हणजे 'डिडन्ट गेट टू स्पीक'. संधी दोन्हीकडे 'मिळते'. फक्त मराठीत 'मला', इंग्रजीत 'आय'. हा भाग शिकवायला एक मिनिट लागत नाही.

अपवाद एकच, आणि तो मोठा. 'मला कळलं' साठी आपल्याकडे 'आय केम टू नो' रुळलं आहे, आणि जरा सुधारून बोलणारे 'आय गॉट टू नो' म्हणतात. 'गेट टू नो' म्हणजे हळूहळू ओळख वाढणं, माणूस उमगत जाणं. 'आय गॉट टू नो हर इन कॉलेज' ठीक. 'त्यांची बदली झाल्याचं कळलं' याला 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट'. बातमी एका क्षणात कळते, ओळख वाढायला वेळ लागतो.

दगडीपाटा

'गेट डाउन' चं काय? बसमध्ये सगळे 'आय वॉन्ट टू गेट डाउन' म्हणतात आणि कंडक्टर घंटी मारतो. म्हणजे चालतंय की.

काजवा

कंडक्टरला कळतं, कारण 'उतरणे' चं ते सरळ भाषांतर आहे. भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलं आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही, पण लंडनच्या बसमध्ये म्हटलंत तर ऐकणारा क्षणभर गोंधळेल. तिकडे 'गेट डाउन' म्हणजे झाडावरून, शिडीवरून, टेबलावरून खाली ये, नाहीतर ओरडून म्हटलं तर 'खाली वाक'.

ज्या वाहनात उभं राहून चालता येतं ते आणि ज्यावर टांग टाकून बसतात ते, अशा दोन्हींना चढताना 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. बस, लोकल, विमान, जहाज, सायकल, घोडा. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा, छोटी होडी. मोठ्या बोटीला 'ऑन', होडीला 'इन'. वाहनाच्या आकारावर नाही, अंगाच्या हालचालीवर अवलंबून आहे.

पोचण्याचंही सांगतो. 'गेट टू द स्टेशन', 'गेट टू द ऑफिस' यात 'टू' हवं. पण 'गेट होम', 'गेट हिअर', 'गेट देअर' यात नको. 'गेट टू होम' ही चूक फार ऐकू येते. आणि 'आय विल रीच बाय सिक्स' हे वाक्य अर्धवट आहे, 'रीच' ला कुठे ते सांगावं लागतं. ठिकाण बोलण्यात आधीच आलेलं असेल तर 'आय विल गेट देअर बाय सिक्स' म्हणावं.

रानजाई

मला 'झाला' चा प्रश्न पडतो. 'म्हातारा झाला' ला 'गॉट ओल्ड', मग 'डॉक्टर झाली' ला 'शी गॉट डॉक्टर'?

पाटीपेन्सिल

'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे ती डॉक्टरला घेऊन आली! गेटच्या पुढे विशेषण आलं तर 'होणे', नाम आलं तर 'मिळवणे, आणणे'. माणूस काहीतरी 'होतो' आणि ते नाम असेल तर 'बिकम': 'शी बिकेम अ डॉक्टर'. तुमच्या 'झाला' चे दोन तुकडे होतात ते इथे.

विशेषणांतही सगळी गेटकडे जात नाहीत. बिघाड, नासाडी आणि अंगात कायमचा मुरणारा बदल असेल तर इंग्रजी 'गो' वापरतं: दूध नासलं 'वेंट बॅड', पाव शिळा झाला 'वेंट स्टेल', टक्कल पडलं 'वेंट बॉल्ड', दिसेनासं झालं 'वेंट ब्लाइंड', दिवाळं निघालं 'वेंट बँकरप्ट'. वयाला 'टर्न': चाळीस पूर्ण झाली 'टर्न्ड फॉर्टी'. रंगाला दोन्ही. 'म्हातारा होणे' मात्र गेटकडेच राहिलं. त्याला कारण विचारू नका, भाषा आहे.

दगडीपाटा

आणि 'ही गॉट फायर्ड' आणि 'ही वॉज फायर्ड'?

ताम्हण

गेटचा हा कर्मणी वापर १७व्या शतकापासून दिसतो. 'वॉज' शांतपणे घटना सांगतं. 'गॉट' मध्ये झळ किंवा लाभ असतो: 'गॉट कॉट', 'गॉट हर्ट', 'गॉट रॉब्ड', उलट बाजूला 'गॉट प्रमोटेड', 'गॉट सिलेक्टेड'. कधी कधी 'त्यानेच ओढवून घेतलं' असाही वास येतो.

जिथे काही घडतच नाही तिथे गेट चालत नाही. 'ही इज नोन टू एव्हरीवन' ठीक, 'ही गेट्स नोन टू एव्हरीवन' नाही. 'द ब्रिज वॉज बिल्ट इन १८९०' ठीक, 'गॉट बिल्ट' खटकतं. पण 'द ब्रिज फायनली गॉट बिल्ट' चालतं, कारण आता त्यात वर्षानुवर्षांची रखडपट्टी आली.

गेट इथे सहाय्यक क्रियापद नाही, साधंच आहे. म्हणून प्रश्न 'डिड ही गेट हर्ट?' असा, 'गॉट ही हर्ट?' असा नाही. नकार 'डिडन्ट गेट'.

'गेट मॅरिड' बद्दल एक पुरवणी. मराठीत लग्न कोणा'शी' होतं, म्हणून 'मॅरिड विथ' लिहिलं जातं. इंग्रजीत 'टू': 'शी गॉट मॅरिड टू माय कझिन'. आणि 'शी मॅरिड माय कझिन' मध्ये तेही नको.

सुईदोरा

कार्यालयीन पत्रातलं थोडं. शाळेत शिकवतात की गेट गावंढळ, 'रिसीव्ह' आणि 'ऑब्टेन' सभ्य. अर्धं खरं आहे. अर्जात, निविदेत, कायदेशीर नोटिशीत 'वी गॉट युवर लेटर' नको, 'वी हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर' हवं. कंपनीतल्या रोजच्या ईमेलमध्ये मात्र 'आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे' अगदी सभ्य आहे, आणि त्याच्या जागी 'आय विल रिव्हर्ट' लिहिलं तर परदेशातला माणूस 'पूर्ववत होणे' असं समजतो.

एक बारीक फरक: 'गेट मी द फाइल' म्हणजे फाइल आणून दे, ती कुठे आहे ते तू बघ. 'गेट द फाइल टू मी बाय फाइव्ह' म्हणजे फाइल तुझ्याकडेच आहे, पाचच्या आत माझ्यापर्यंत पोचव. वरिष्ठांना पहिलं वाक्य पाठवू नये. 'कुड यू' लावलं तरी ते हुकमासारखंच राहतं.

फोनवर 'आय डिडन्ट गेट यू' ऐवजी 'आय डिडन्ट गेट दॅट' किंवा 'कॅच दॅट' म्हणावं. ऐकू आलं नाही ते वाक्य, माणूस नव्हे.

काजवा

अवांतर: मराठीने गेट क्रियापद म्हणून घेतलंच नाही, नाम करून घेतलं. नाटकवाल्यांचा 'गेटअप' म्हणजे वेश आणि रंगभूषा मिळून उभं राहिलेलं रूप, आणि शाळेच्या बॅचचं 'गेटटुगेदर'. दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत, पण तिकडे 'गेटअप' मध्ये थोडी थट्टा असते, 'हे काय सोंग?' अशी. 'नाइस गेटअप' म्हणून इंग्रज नटाचं कौतुक करायला जाल तर तो खूश होईलच असं नाही.

रानजाई

शेवटचा एक. 'गेट ओव्हर' आणि 'गेट ओव्हर विथ', दोन्ही 'संपवणे' च ना?

काजवा

'गेट ओव्हर अ कोल्ड' म्हणजे सर्दीतून बरं होणं, 'गेट ओव्हर द शॉक' म्हणजे धक्क्यातून सावरणं. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोशी गोष्ट एकदाची उरकणं. मधला 'इट' गाळता येत नाही, 'गेट ओव्हर विथ' असं काही नाही. दंतवैद्याकडे जाताना दुसरं म्हणायचं, तिथून आल्यावर पहिलं.